यंत्रांचे सूर आणि माणसांची आवड

लोकांची आवड म्हणजे अळवावरचे पाणी, हे आम्हां साहित्य शिकविणाऱ्यांना कोणी सांगावयास नको. एका पिढीने डोक्यावर घेतलेला कवी पुढच्या पिढीला परीक्षेपुरता उरतो. पण हे भोग केवळ कवींच्याच वाट्याला येतात असे नाही. इंग्लंडमधल्या ‘ह्यूमन लीग’ या गायकवृंदाची कथा ऐका.

पोलादासाठी प्रसिद्ध असलेल्या शेफील्ड शहरात १९७७ साली हा वृंद जन्मला. संस्थापकांपैकी दोघे संगणक चालविणारे. लवकरच त्यांना मिळालेला गायक फिलिप ओकी हा इस्पितळातला पोर्टर. गिटारला त्यांनी रजाच दिली होती. सारी भिस्त सिंथेसायझर या विजेवर सूर काढणाऱ्या पेटीवर! १९८० साली संगणकवाले दोघे वेगळे झाले आणि दौरा तर तोंडावर आलेला. ओकीने काय करावे? एका नाचघरात नाचणाऱ्या जोॲन व सुसान या दोन शाळकरी मुलींनाच त्याने वृंदात घेतले. लोक हसले असतील. पण पुढल्याच वर्षी ‘डेअर’ ही तबकडी निघाली आणि इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली. तिच्यातले एक गाणे १९८२ साली अमेरिकेतही अव्वल ठरले.

मग वारे फिरले. १९९० च्या ‘रोमँटिक?’ या तबकडीची मजल चोविसाव्या क्रमांकापर्यंतच गेली, आणि १९९२ साली व्हर्जिन कंपनीने त्यांना निरोप दिला. गंमत अशी की, त्या वेळी तरुण मंडळी ज्या तालावर बेभान नाचत होती, तोही यंत्रांचाच होता! यंत्र जुने झाले नव्हते. जुने झाले होते ते वाजविणारे.

१९९५ साली ‘ऑक्टोपस’ने त्यांना पुन्हा हात दिला. पण खरी जिव्हारी लागणारी गोष्ट २००१ ची. ‘सीक्रेट्स’ या तबकडीची समीक्षकांनी वाखाणणी केली. परंतु ती पहिल्या चाळिसांतही शिरली नाही. त्यातच ती काढणारी पॅपिलॉन ही कंपनीच बंद पडली. दुकानात माल मांडणाराच उठून गेला, तर गिऱ्हाईक काय करणार?

पुढल्याच वर्षी शुगाबेब्स या तरुण मुलींचे गाणे इंग्लंडात पहिले आले. त्याचा पाया होता गॅरी न्यूमनच्या १९७९ च्या सिंथेसायझरवरील गाण्याचा. म्हणजे सूर परत आला होता. लोकांना तो नव्या तोंडून हवा होता, इतकेच.

ओकी आणि त्या दोघी मात्र पांगल्या नाहीत. पुढेही वर्षानुवर्षे ती तिघे रंगमंचावर गात राहिली. गुणाला काळाची साथ लागते हे खरेच. पण ती नसतानाही आपले काम नेटाने करीत राहणे, हे काळाच्या नव्हे, माणसाच्या हाती असते.