पहिल्या ट्रायथलॉनची तयारी

गेल्या काही वर्षांत आपल्या न्यासाच्या सभासदांची मुले, आणि खरे सांगावयाचे तर काही वडीलधारी मंडळीही, ट्रायथलॉनमध्ये उतरावयाचे तर आरंभ कोठून करावा, असे विचारू लागली आहेत. बेळगावहून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा. आणि तेथे पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली या प्रकारची मोठी शर्यत प्रथम भरली, तेव्हापासून आपल्याकडेही तिची चर्चा होऊ लागली. संपादक मंडळाने हा विषय प्रस्तुत लेखकाकडे सोपविला, त्याचे कारण एवढेच की वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतः ही धडपड केली आहे. तीत नंबर वगैरे काही आला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तीन कामे याच क्रमाने, एकापाठोपाठ एक, पुरी करणे म्हणजे ट्रायथलॉन. या नावाची पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेतील सॅन डिएगो येथे झाली, आणि २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. वर्तमानपत्रांत गाजते ती ‘आयर्नमॅन’: ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटर धावणे. मिरामारची शर्यत याच्या निम्मी आहे. नवख्याने या दोहोंकडे तूर्त पाहूच नये. त्याच्यासाठी ‘स्प्रिंट’ नावाची छोटी शर्यत असते. तीत ७५० मीटर पोहावयाचे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धाव. २५ मीटरच्या तलावात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तीस वेळा गेले की ७५० मीटर झाले. बेताच्या प्रकृतीचा माणूस तीन-चार महिन्यांच्या नियमित तालमीने एवढे करू शकतो. मात्र पोहणे मुळीच येत नसेल तर ते शिकण्याचा काळ वेगळा धरावा.

खरा प्रश्न पाण्याचा आहे. आपल्यापैकी पुष्कळजण पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकलो. त्या शिक्षणाने भीती गेली, पण डोके वर काढून हात मारण्याची सवय जडली. असे पोहणारा शंभर मीटरांत धापा टाकू लागतो, कारण डोके वर गेले की पाय खाली बुडतात आणि शरीर पाण्याला आडवे येते. तोंड पाण्यात ठेवून श्वास सावकाश बाहेर सोडावा आणि मान फक्त बाजूला वळवून आत घ्यावा, ही एक गोष्ट साधण्यात लेखकाचे दोन महिने गेले. या कामी शिक्षक अवश्य धरावा. पुस्तक वाचून किंवा चित्रफीत पाहून स्वतःची चूक स्वतःस दिसत नाही.

तलावात तीस वेळा जाणारा माणूस समुद्रात गडबडतो, हेही सांगितले पाहिजे. तळ दिसत नाही, धरावयास कठडा नाही, शेजाऱ्याचा पाय तोंडावर बसतो. लेखक पहिल्यांदा समुद्रात उतरला तेव्हा किनारा सत्तर-ऐंशी पावलांवर असता त्याची छाती भरून आली आणि हातपाय चालेनात. बरोबरच्या मित्राने “पाठीवर पड” म्हणून ओरडून सांगितले, म्हणून निभावले. पाठीवर तरंगून दम परत आणणे हा पोहण्याचा पहिला धडा समजावा, वेगाचे नंतर पाहू.

ही भीती निराधार नाही. अमेरिकेतील १९८५ ते २०१६ या काळातील शर्यतींचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू अथवा हृदय अचानक बंद पडणे अशा १३५ घटना सापडल्या. त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या. बळी पडलेल्यांत पुरुष फार होते आणि सरासरी वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. म्हणजे आपल्या सभासदांतील कर्त्या पुरुषांचेच वय! तेव्हा चाळिशी उलटलेल्याने, तसेच मधुमेह, रक्तदाब किंवा घराण्यात हृदयविकार असलेल्या कोणाही व्यक्तीने आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, मग बूट विकत घ्यावेत. सरावात छातीत दुखले, घेरी आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली तर तेथेच थांबावे. अंगात ताप असता व्यायाम करू नये. पावसाळ्यात समुद्रात उतरण्याचे नावही काढू नये. आणि इतर ऋतूंत जीवरक्षक असतील तेथेच, तेही सोबतीनेच उतरावे.

आठवड्याची वाटणी साधी ठेवावी. दोन दिवस पोहणे, दोन दिवस सायकल, दोन दिवस धावणे, एक दिवस पूर्ण विश्रांती. आरंभी अर्धा तास पुरे. वेग किती असावा? शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतकाच. धावणे जमत नसेल तर दोन मिनिटे धावून एक मिनिट चालावे. यात कमीपणा नाही. अंतर हळूहळू वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यास थोडे कमी करावे. पहिल्या पंधरवड्यात हुरूप फार असतो आणि गुडघे तेव्हाच दुखावतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

सायकल घरची चालेल. लाख-दीड लाखाची सायकल पाहून हिरमुसू नये. ब्रेक व टायर नीट असावेत. बसण्याची उंची अशी ठेवावी की टाच पॅडलवर ठेवली असता, पॅडल अगदी खाली आले म्हणजे पाय सरळ व्हावा. हेल्मेटवाचून शर्यतीत घेत नाहीत. शिवाय सायकल जागेवरून हलविण्यापूर्वी त्याचा पट्टा आवळलेला लागतो आणि ती परत टांगेपर्यंत सोडता येत नाही. हा नियम विसरल्याने दंड झालेले अनेक आहेत. घाट उतरण्याचा सराव एकट्याने करू नये. ट्रकवाल्यास आपल्या शर्यतीचे काय!

सायकलवरून उतरून लगेच धावू लागले की पाय आपले नव्हेतच असे वाटते. ही विचित्र अवस्था काही मिनिटांनी जाते, पण तिची ओळख आधी झालेली बरी. म्हणून शेवटच्या सहा-सात आठवड्यांत आठवड्यातून एकदा सायकलनंतर दहा मिनिटे धावावे. कपडे व बूट बदलण्याची रंगीत तालीमही अंगणात करून पाहावी. घरच्यांची करमणूक होते ती वेगळीच.

घरच्यांवरून आठवले. पहाटे पाचला उठणारा रात्री नऊला पेंगतो, आणि त्याचा भार घरात कोणावर तरी पडतो. सुनेला किंवा मुलीला सराव करावयाचा असेल तर तिच्या पहाटेच्या चहा-डब्याची व्यवस्था पुरुषांनी पाहावी, एवढे स्पष्ट लिहितो. कित्येक शर्यतींत तिघांनी मिळून एकेक टप्पा वाटून घेण्याचीही सोय असते. आजवर न पोहलेल्या घरास तो मार्ग बरा.

शर्यतीच्या दिवशी नवे काही खाऊ नये आणि नवे बूट घालू नयेत. रोजच्या सरावाआधी जे पचते तेच दोन-तीन तास आधी खावे, कुंदा परतल्यावर. पाणी तहानेनुसार प्यावे, भीतीपोटी तांबेच्या तांबे नव्हे. नुसत्या पाण्याचा अतिरेकही अपायकारक असतो. शर्यत आटोपल्यावर दोन-चार दिवस अंग मोडून येते, तेव्हा केवळ चालावे. सायकल मात्र त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल द्यावे. मिरामारची वाळू आणि खारी हवा चार दिवसांत तिला गंज चढविते.