बदलाची वार्ता कामगारापर्यंत

मावळ तालुक्यातील तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. निधी अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकी एक पैसा गोळा करून उभारलेला. मार्गदर्शन जपानमध्ये काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांचे. येथे उत्पादनाबरोबर शिक्षणही चाले. फुंकणीवरचे काम कागदावरून शिकविता येत नाही. ते जाणकाराच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

घडविलेली काच सावकाश थंड केली नाही, तर आतील ताणामुळे ती पुढे केव्हाही तडकते. समजा, हा अवधी दिवसपाळीत बदलला आणि रात्रपाळीस कळलेच नाही, तर माल वाया जातोच, शिवाय ठपका बहुधा कामगारावर येतो.

यंत्र वा तंत्रातील ज्या सुधारणेमुळे कामगार कपात संभवते, तिची सूचना २१ दिवस आधी देण्याचे बंधन १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमात होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते आहे. लहानसहान बदलांना मात्र ते लागू नाही, आणि घोटाळे बहुधा तेथेच होतात. फलकावर कागद डकविला की सूचना पोहोचली, असे मानणे सोयीचे असते. (अशा कागदांची मराठी आम्हा सरकारी मंडळींनाही दोनदा वाचावी लागते!) त्यापेक्षा पाळी बदलताना मुकादमाने बदल व त्याचे कारण सांगावे, एकदा करून दाखवावे आणि कंत्राटी कामगारांसह सर्वांकडून करवून घ्यावे. त्यात जाणारी दहा मिनिटे कामाच्या वेळेतच धरावीत.