कागदाची जास्वंद

वाढदिवसाचे शुभेच्छापत्र घरी करावयाचे असल्यास प्रथम कागदाचा स्वभाव ओळखावा. यंत्रावर कागद तयार होताना त्यातील बहुतेक तंतू एकाच दिशेने पडतात. त्या दिशेने घातलेली घडी सरळ बसते. तंतूंच्या आडवी घातलेली घडी भेगाळते. म्हणून जाड कागद उभा व आडवा हलकेच वाकवून पाहावा आणि जसा तो सहज वाकेल, तशी घडी घालावी.

आता परसातील जास्वंद न्याहाळा. तिला पाच पाकळ्या असतात आणि मधून लांब तुरा डोकावतो. तांबड्या घोटीव कागदाच्या पाच पाकळ्या कापून त्यांच्या कडा पेन्सिलीवर किंचित वळवाव्यात. कागदाची पट्टी पिळून तुरा करावा व त्याच्या टोकाशी पिवळ्या कागदाचे बारीक तुकडे लावावेत. खळ पाकळ्यांच्या बुडाशीच लावावी. सर्वत्र लावल्यास फूल चपटे व निर्जीव दिसते.

आत दोन ओळी लिहाव्यात. त्या मात्र स्वतःच्या असाव्यात. छापील मजकूर सर्वांना सारखाच असतो. आजीने आपल्याला काय दिले, हे आपणच लिहू शकतो. झाडावरची जास्वंद एका दिवसात कोमेजते. ही मात्र आजीच्या पेटीत वर्षानुवर्षे राहील.