एक जनुक, दोन कामं

बोलताना मूल हनुवटी वर करतं, कपाळाला आठ्या घालतं आणि अर्धवट मिटल्यासारख्या पापण्यांखालून बघतं. घरचे म्हणतात, ‘सवय आहे, मोठं झालं की जाईल.’ काही मुलांची मात्र ती सवय नसते, गरज असते. पापणी उचलणारा स्नायू जन्मतःच दुबळा असल्याने ती कपाळाच्या जोरावर ओढून धरावी लागते.

ब्लेफॅरोफिमोसिस सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक विकारात पापण्या अशा लोंबतात. शिवाय डोळ्याची फट आखूड असते; मोठ्या माणसात ती साधारण २५ ते ३० मिलिमीटर असते, इथे २०-२२ भरते. खालच्या पापणीतून नाकाच्या बाजूने कातडीची एक घडी वर चढलेली दिसते.

बहुतेक रुग्णांत दोष निघतो तो तिसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘फॉक्सएल-२’ या जनुकात. हा शोध २००१चा. हे जनुक इतर जनुकांना चालू-बंद करणारं प्रथिन बनवतं. पापण्यांच्या घडणीत त्याचा हात असतो, तसाच अंडाशयाच्या कामातही. म्हणूनच या विकाराच्या एका प्रकारात स्त्रियांची पाळी चाळिशीच्या आतच थांबते. दुसऱ्या प्रकारात दोष पापण्यांपुरताच राहतो.

त्याच वर्षी शेळ्यांमधलं एक कोडंही सुटलं. बिनशिंगी नर-मादीच्या पोटी कधी कधी मादीच्या गुणसूत्रांची, पण नराची लक्षणं असलेली वांझ पिलं जन्मतात. त्यांच्यात या जनुकाजवळचा ११,७०० अक्षरांचा डीएनएचा तुकडा गळालेला आढळला. पुढे २००९ मध्ये प्रौढ मादी उंदरांत हे जनुक बंद केल्यावर अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. अंडाशयाचं ‘अंडाशयपण’ जन्मभर टिकवावं लागतं, हे तेव्हा कळलं.

आई किंवा वडिलांना हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. घराण्यात कुणालाच नसताना नव्या जनुकीय बदलातूनही तो उद्भवतो. आईने ग्रहण पाळलं की नाही, याचा इथे काडीचाही संबंध नाही.

डोळ्याच्या कोपऱ्याची शस्त्रक्रिया साधारणपणे तीन ते पाच वर्षांच्या वयात करतात, पापणी त्यानंतर उचलतात. बाहुली झाकली जात असेल, तर मात्र थांबून चालत नाही. त्या डोळ्याची नजर कायमची मंद राहू शकते. मुलगी असेल, तर पापण्या दुरुस्त झाल्या म्हणून फाइल बंद करू नका. जनुकीय समुपदेशकाचा आणि पुढे स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला वेळेत घ्या.