औषधाला थोपवून धरणारे ‘यजमान’ रेणू

औषध अचूक निवडले, तरी ते शरीरात कोणत्या गतीने पसरते, यावर त्याचा गुण अवलंबून असतो. गोळी घेतल्यावर रक्तातील औषधाचे प्रमाण झपाट्याने चढते आणि काही तासांत उतरते. प्रमाण फार वाढले तर दुष्परिणामांचा धोका, फार घटले तर औषध निष्प्रभ ठरण्याची भीती. हे चढउतार टाळायचे, तर औषध संथपणे मोकळे व्हायला हवे. त्यासाठी शास्त्रज्ञांनी ‘यजमान’ रेणूंचा आधार घेतला आहे.

आपल्या पोकळीत दुसऱ्या रेणूला, म्हणजे ‘पाहुण्या’ला, पक्क्या रासायनिक बंधाविना सामावून घेणारा रेणू म्हणजे यजमान. याच क्षेत्रातील पायाभूत कार्यासाठी चार्ल्स पेडरसन, झाँ-मारी लेन आणि डोनाल्ड क्रॅम यांना १९८७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषधनिर्मितीत प्रचलित असलेला यजमान म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन. फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिलिए यांना तो १८९१ मध्ये स्टार्चवरील जिवाणूंच्या क्रियेतून मिळाला. ग्लुकोजच्या ६, ७ किंवा ८ घटकांचे हे कडे एका बाजूला निमुळते होत जाणाऱ्या, बूड नसलेल्या पेल्यासारखे असते. त्याची बाहेरची बाजू पाण्यात मिसळते. आतली पोकळी मात्र पाण्याला फारशी थारा देत नाही. त्यामुळे पाण्यात न विरघळणारी अनेक औषधे तेथे आश्रय घेतात.

मात्र पोकळीत शिरलेले औषध आपोआप उशिरा बाहेर पडते, असे नाही. पाहुण्याची ये-जा अखंड चालू असते. रक्तात मिसळून द्रावण विरळ झाले, की बाहेर पडलेल्या औषधाला जवळपास रिकामा यजमान सापडत नाही आणि ते लगेच मोकळे होते. म्हणूनच सायक्लोडेक्स्ट्रिनचा नेहमीचा उपयोग औषध विरघळवण्यासाठी होतो. करोनाच्या साथीत घरोघरी माहीत झालेल्या रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनात त्याचाच एक सुधारित प्रकार वापरला गेला.

मग औषध रोखायचे कसे? एक मार्ग यजमानाचे रूप बदलण्याचा. सायक्लोडेक्स्ट्रिनला इथाइल गट जोडले, की ते पाण्यात सहज विरघळत नाही. जपानमधील कुमामोटो विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या सुमारास, रक्तदाब व हृदयविकारावरील डिल्टियाझेम हे पाण्यात चटकन विरघळणारे औषध अशा यजमानांतून सावकाश बाहेर पडते, हे दाखवून दिले.

दुसरा मार्ग असंख्य यजमान एकमेकांना जोडून त्यांचे जेल बनवण्याचा. एका पोकळीतून सुटलेले औषध शेजारच्या पोकळीत अडकते. दाट वस्तीच्या आळीतून निघालेल्या पाहुण्याला प्रत्येक दारी थांबवून घ्यावे, तसेच हे. यजमानांची संख्या आणि त्यांची पकड यांवर औषध बाहेर पडण्याची गती ठरवता येते.

ही पकड किती घट्ट असावी, यातच खरे कौशल्य आहे. युरोपात २००८ मध्ये मान्यता मिळालेले सुगमाडेक्स हे सायक्लोडेक्स्ट्रिनचेच रूप. शस्त्रक्रियेत स्नायू शिथिल करणाऱ्या रोक्युरोनियमला ते इतके घट्ट धरते, की त्याचा प्रभाव काही मिनिटांत संपतो. तेथे पाहुण्याला डांबून ठेवणे हाच उपचार असतो. संथ औषधासाठी मात्र पकड मध्यमच हवी. ती सैल पडली तर औषध एकदम सुटते आणि अतिघट्ट झाली तर ते रुग्णापर्यंत पोहोचतच नाही. प्रत्येक औषधाचा रेणू वेगळा असल्याने हा समतोल दर वेळी नव्याने शोधावा लागतो.