दोन कोठारे आणि एक काटकसर

बँकेतील खाती, विम्याच्या पॉलिसी, इस्पितळातील तपासण्यांचे अहवाल, शेअरबाजारातील सौदे – आपल्या संसाराची ही सारी दप्तरे हल्ली लोखंडी कपाटात नसतात. ती संगणकांच्या कोठारात असतात. आणि शहाणा मनुष्य एकाच कोठारावर विसंबत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. अशा दिवशी ज्याचे सारे दप्तर एकाच शहरात आहे, त्याच्या पोटात गोळा उठणारच! म्हणून मोठ्या संस्था दूरच्या गावी दुसरे कोठार ठेवतात. राष्ट्रीय शेअरबाजाराचे मुख्य केंद्र मुंबईत, तर संकटकाळचे केंद्र चेन्नईत आहे. पहिल्या कोठारात पडलेली प्रत्येक नोंद दुसऱ्यातही उतरवण्याच्या या व्यवस्थेला ‘रेप्लिकेशन’ म्हणतात.

कोठारे दोन झाली की खर्चही दुप्पट. मग काटकसरीचा विचार येतो; तिचे नाव ‘कॉम्प्रेशन’. हजारो खातेदारांच्या पत्त्यांत ‘जिल्हा पुणे, महाराष्ट्र’ हीच अक्षरे पुनःपुन्हा येतात. ती दर वेळी कशाला लिहायची? ‘मागे अमुक ठिकाणी हीच अक्षरे आहेत, तेथून उचला’ एवढी खूण पुरते. इस्रायलमधील झिव्ह व लेम्पेल या दोन संशोधकांनी १९७७ साली मांडलेली ही युक्ती आजही नाना रूपांनी वापरात आहे. हिशेबाच्या नोंदी यामुळे पुष्कळ आक्रसतात. छायाचित्रे व चित्रफिती मात्र बहुधा आधीच दाबून बसवलेल्या असतात. त्यांत फारसे काही सुटत नाही. आणि गुप्त लिपीत गेलेल्या मजकुरात पुनरुक्तीच उरत नाही; म्हणून आधी दाबावे, मग कुलूप घालावे.

अशा कोठारांची देखभाल हा माझा व्यवसाय. एका कचेरीतील साहेबांनी मला विचारले, “एका बटणाने जागा निम्मी वाचते म्हणता ना? मग दाबा की!”

मी म्हटले, “साहेब, हे बटण एका घरचे नाही, दोन घरांचे आहे.”

खरी गोम इथेच आहे. कित्येक यंत्रांत मूळ कोठारातील मजकूर पाठवण्यापूर्वी पुन्हा मोकळा केला जातो आणि दूरचे कोठार तो आपल्या रीतीने ठेवते. तिथे कॉम्प्रेशन चालू नसेल, तर इकडे पन्नास टेराबाइटांत बसलेला संसार तिकडे शंभर टेराबाइट जागा मागतो. जागा संपली की नक्कल थांबते. आणि मुंबईत सारे सुरळीत दिसत असल्याने कोणाला पत्ता लागत नाही!

दुसरी गोष्ट वेळेची. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-चेन्नई हवाई अंतर हजार किलोमीटरच्या वर; म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. त्यात दाबण्याचे श्रम वाढले आणि पलीकडचे यंत्र जुने, धिमे असले, तर नोंदी मागे पडत जातात. नेमक्या त्याच वेळी संकट आले, तर मागे पडलेल्या नोंदी गेल्याच म्हणून समजा. त्या कोणाच्या तरी पगाराच्या असतात, कोणाच्या तरी शस्त्रक्रियेच्या.

म्हणून माझा आग्रह असा: आधी दूरच्या कोठारात जागा व ताकद पाहावी, तिथे कॉम्प्रेशन चालू करावे, मग मुख्य कोठाराकडे वळावे. जुना मजकूर आक्रसण्यासाठी बहुधा नव्याने लिहावा लागतो. ते काम कमी वर्दळीच्या रात्री, थोडेथोडे करावे. आणि शेवटी एके दिवशी दूरच्या कोठारावर कारभार चालवून पाहावा. कागदावरचा हिशेब निराळा आणि प्रत्यक्ष निराळे.

साहेबांनी त्या दिवशी बटण दाबले नाही; आधी दूरच्या गावच्या माणसाला फोन लावला. दप्तरातील पुनरुक्ती खुशाल काढावी; पण दुसरी प्रत ही पुनरुक्ती नव्हे, ती पुण्याई आहे. तिच्या जिवावर काटकसर करू नये.