ओटागो व्यायाम कार्यक्रम

ओटागो व्यायाम कार्यक्रम हा वृद्धांच्या पायांची ताकद व शरीराचा तोल सुधारून त्यांचे पडणे कमी करण्यासाठी आखलेला, घरच्या घरी करावयाचा व्यायामक्रम आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे ओटागो विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात जॉन कॅम्पबेल, क्लेअर रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १९९०च्या दशकात विकसित केला.

स्वरूप

प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा परिचारिका घरी येऊन व्यक्तीची क्षमता तपासते व त्यानुसार व्यायाम ठरवून देते. व्यायाम आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा तास करावयाचा असतो. शिवाय आठवड्यातून दोनदा चालणे अपेक्षित असते. केवळ चालणे मात्र पुरेसे मानलेले नाही, कारण त्याने स्नायूंवर व तोलावर पुरेसा ताण येत नाही.

ताकदीचे व्यायाम पाच आहेत. गुडघा सरळ करणे, तो मागे दुमडणे आणि पाय बाजूला उचलणे हे तीन व्यायाम घोट्याला वजनाचा पट्टा बांधून करतात. टाचा उचलणे व चवडे उचलणे हे दोन वजनाविना. दहा आवर्तनांचे दोन संच सहज जमू लागले की पट्ट्याचे वजन वाढवतात. या कार्यक्रमाचे मर्म या चढत्या क्रमात आहे. तेच वजन महिनोन्‌महिने उचलत राहिल्यास ताकद वाढायची थांबते. तोलाच्या व्यायामांत एका पायावर उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल टेकवत चालणे, मागे व आडवे चालणे, जिना चढणे-उतरणे इत्यादींचा समावेश होतो. आरंभी ओट्याचा किंवा जड टेबलाचा आधार घेतात व पुढे तो हळूहळू सोडतात. हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठणे हा व्यायाम दिसायला किरकोळ. पण शौचालयातून कोणाच्या मदतीविना उठता येणे त्यावरच अवलंबून असते.

परिणाम

१९९७ साली प्रसिद्ध झालेली पहिली चाचणी ८० वर्षे व त्यावरील स्त्रियांवर झाली. पहिल्या दोन महिन्यांत चार गृहभेटी व पुढे दूरध्वनीवरून विचारपूस, एवढेच तिचे मनुष्यबळ होते. पुढे चार चाचण्यांतील ६५ ते ९७ वयाच्या १,०१६ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, त्यात पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हाडे मोडण्याचा धोका वाढत्या वयात अधिक असल्याने ऐंशीपुढील व्यक्तींना याचा विशेष लाभ होतो.

तथापि, दृष्टी अतिशय मंद असलेल्या, ७५ वर्षांवरील व्यक्तींवरील २००५च्या चाचणीत एकंदरीने व्यायामाचा असा लाभ दिसला नाही. घरातील धोके दूर करण्याचा उपाय तेथे अधिक उपयोगी ठरला. त्याच चाचणीत ज्यांनी व्यायाम अधिक नेमाने केला, त्यांचे पडणे मात्र कमी होते.